महाराजांच्या तोंडची भाषा

२०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' प्रदर्शित झाला, त्या आठवड्यात आमच्या वकिलांच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. कोणी विकी कौशलच्या शरीरयष्टीवर बोलत होते, कोणी अक्षय खन्नाच्या औरंगजेबावर, तर कोणी संगीत त्या काळाला कसे शोभत नाही यावर. एक ज्येष्ठ कन्नडभाषक सहकारी हे सारे शांतपणे ऐकत होते. चहाचा पेला खाली ठेवून ते आमच्याच बेळगावी ढंगात म्हणाले, "सगळं खरं हो, पण तुमचा राजा हिंदी बोलालाय की!" सगळे हसले. हसण्यावारी नेलेला तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही.

या चित्रपटावर टीका पुष्कळ झाली. झलक प्रसिद्ध होताच संभाजीराजांच्या लेझीम नृत्याला आक्षेप घेण्यात आला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य काढून टाकले. पुढे गणोजी व कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे राजा नाचला का, फितुरी कोणी केली, याची चिकित्सा झाली. परंतु राजा काय बोलला आणि कोणत्या भाषेत बोलला, हा मुद्दा विचारणीय आहे असे फारसे कोणाला वाटले नाही. मराठीत आणा अशी मागणी झाली खरी, पण ती टीकेच्या नव्हे, विनंतीच्या सुरात. तेलुगू आवृत्ती मात्र मार्च महिन्यात पडद्यावर आली.

आपल्याला, म्हणजे महाराष्ट्राच्या नकाशाबाहेर मराठी बोलणाऱ्यांना, हा मुद्दा सोडून देणे परवडणारे नाही. पुण्याच्या मुलाच्या कानावर मराठी चहूकडून पडते. बेळगाव, खानापूर, निपाणीचा किंवा इंदूर-बडोद्याचा मुलगा घरी जी मराठी बोलतो ती दोन-अडीचशे शब्दांच्या व्यवहाराची असते. भारदस्त, सभेची, राज्यकारभाराची मराठी त्याच्या कानी पडायची ती नाटक, चित्रपट आणि मालिका यांतूनच. तिथे तिचा कस उतरला, तर त्याला दुसरीकडून भरपाई नाही.

थोडे मागे जाऊ. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' १९२३ चा. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा हा मूकपट. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा आला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच असल्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांनीही तो कर भरला. मूकपटाला भाषेची सीमा नव्हती. दृश्यांमधल्या पाट्या बदलल्या की चित्र कुठेही चालत असे. म्हणूनच सरकारचे लक्ष त्या पाट्यांवर आणि नावांवर असायचे. १९३० साली प्रभात कंपनीच्या व्ही. शांताराम यांनी शिवचरित्रावर काढलेल्या मूकपटाचे नाव 'स्वराज्याचे तोरण' होते. 'स्वराज्य' हा शब्द परीक्षकांना खुपला आणि चित्रपट 'उदयकाल' या नावाने लोकांपुढे आला. एका शब्दाची सत्तेला केवढी धास्ती असते, हे त्या काळच्या परीक्षकांना आजच्या निर्मात्यांपेक्षा अधिक कळत होते, असे मला कधी कधी वाटते.

१९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' बोलू लागला. तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला होता, हे ध्यानात ठेवावे. दोन भाषांत चित्रपट काढणे ही कालपरवाची युक्ती नव्हे. पण मराठी बोलपटाने पहिल्या दिवसापासून जी भाषा उचलली ती रंगभूमीची. त्या रंगभूमीच्या घडणीत आपल्या भागाचा वाटा मोठा आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगमंचावर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ज्या गावाच्या नावातच कन्नड आहे, त्या गावच्या माणसाने मराठी संगीत नाटकाला रूप दिले. आज ज्यांना ही भाषा केवळ मुळा-मुठेच्या काठी घडली असे वाटते, त्यांना हे सांगावेसे वाटते.

ऐतिहासिक पटांची बोली मात्र पक्की केली ती भालजी पेंढारकरांनी. 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा', 'बहिर्जी नाईक', पुढे १९५२ चा 'छत्रपती शिवाजी' या चित्रपटांतील संवाद तोकडे, खणखणीत आणि थोडे कोल्हापुरी मातीचे आहेत. ती शिवकालीन मराठी होती का? नव्हती. पण ती कोणाची तरी बोलण्याची भाषा होती. तिला मुळे होती. आजचे ऐतिहासिक पट पाहताना हीच गोष्ट हरवल्यासारखी वाटते.

तर मग शिवकालीन मराठी कशी होती? त्या काळची पत्रे, महजर, करीने पाहिले की पहिला धक्का बसतो तो फारसी शब्दांचा. वि. का. राजवाड्यांनी छापलेली साधने चाळणाऱ्या कोणालाही हे दिसेल. राज्यकारभाराच्या कागदात क्रियापदे आणि प्रत्यय मराठी, पण नामे बहुतांशी फारसी-अरबी. महाराजांना हे जाणवत होते, म्हणून तर राज्याभिषेकाच्या सुमारास 'राज्यव्यवहारकोश' तयार करण्याचे काम रघुनाथपंडितांकडे सोपवले गेले. कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा तो कोश. पदांची नावेही तेव्हाच बदलली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती.

हा बदल १६७४ चा. अफझलखानाचा प्रसंग नोव्हेंबर १६५९ चा, घोडखिंडीचा जुलै १६६०, शाएस्ताखानाचा एप्रिल १६६३, सिंहगडाचा फेब्रुवारी १६७०. दिग्पाल लांजेकरांच्या 'शेर शिवराज', 'पावनखिंड', 'फत्तेशिकस्त' आणि 'सुभेदार' या चित्रपटांचे विषय हेच चार प्रसंग आहेत. या मालिकेतून मराठी प्रेक्षक पुन्हा चित्रपटगृहात आला, हे श्रेय निर्विवाद आहे. 'पावनखिंड' पाहून बाहेर पडताना मीही गहिवरलो होतो. परंतु एकूण ऐतिहासिक पटांबद्दल आणि मालिकांबद्दल, एकाच दिग्दर्शकाबद्दल नव्हे, माझी तक्रार अशी की तिथे राज्याभिषेकाच्या आधीचा दरबारही नंतरच्या संस्कृत शब्दांत बोलतो. ज्या शब्दांसाठी महाराजांना कोश करवून घ्यावा लागला, ते शब्द चौदा-पंधरा वर्षे आधीच सगळ्यांच्या जिभेवर असतील, तर मग कोशाची थोरवी ती काय उरली? भाषाशुद्धीच्या अभिमानापोटी आपण भाषाशुद्धीच्या इतिहासालाच पुसून टाकतो.

दुसरी गंमत अशी की हे फारसी शब्द सीमाभागातल्या माणसाला परके नाहीत. आमच्या न्यायालयात मराठी पक्षकार वकील, दावा, अर्ज, जामीन, हुकूम म्हणतो. कन्नड पक्षकार वकीलरु, दावे, अर्जी, जामीनु, हुकुम म्हणतो. आदिलशाही आणि मराठी अंमलाखाली हीच कारभाराची शब्दसंपदा दोन्ही भाषांत मुरली. तीस वर्षे वकिली करताना या शब्दांच्या आधारे मी दोन भाषांत ये-जा केली आहे. पडद्यावरचा शिवकाल मला खोटा वाटतो तो इथे. मराठीचा शेजार त्यात दिसतच नाही.

विजापूरचा दरबारच घ्या. पडद्यावरचा आदिलशाही सरदार एक तर लखनवी थाटाचे उर्दू बोलतो, नाही तर मोडके मराठी बोलून हशा पिकवतो. वास्तविक पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यास, महसुलाचे दफ्तर फारसीऐवजी देशी भाषेत ठेवले जाऊ लागले आणि ते काम ब्राह्मण कारकुनांच्या हाती आले. आदिलशाहीची फारसी-मराठी अशी दुभाषिक फर्माने उपलब्ध आहेत. दरबारी बोली दखनी होती, आणि दखनीत मराठीचे किती पाणी मिसळले आहे हे हैदराबादच्या आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. अशा दरबारातून आलेला माणूस मराठ्यांशी बोलताना अडखळला नसता. शत्रूला परका करण्यासाठी त्याची जीभ परकी करायची, ही सोपी युक्ती आहे. इतिहास तिच्या बाजूने साक्ष देत नाही.

आणि कन्नड? शहाजीराजांची जहागीर बंगळूरची. त्यांच्या दरबाराचे वर्णन करणारा जयराम पिंड्ये यांचा 'राधामाधवविलासचंपू' राजवाड्यांनीच संपादित करून प्रसिद्ध केला. अनेक भाषांचे कवी त्या दरबारात आपापल्या भाषेत रचना सादर करतात, त्यांत कन्नडही आहे. शहाजीराजांचा अंत झाला तोही कर्नाटकात, होदिगेरे येथे. दक्षिण दिग्विजयाहून परतणाऱ्या मराठी फौजेशी बेलवडीच्या गढीवरून झुंजलेली देसाईण, मराठी साधनांतली सावित्रीबाई आणि कन्नड परंपरेतली मल्लम्मा, ही तर आपल्या बेळगाव जिल्ह्यातली. या साऱ्यातून महाराजांच्या कानावर लहानपणापासून कन्नड पडत होते असे अनुमान काढायला फार धाडस लागत नाही. तरी पडद्यावर मी जेवढी शिवचरित्रे पाहिली, त्यांत हा प्रदेश नकाशावरची एक रेघ म्हणूनच येतो. आमचे कन्नड मित्र महाराजांकडे परके म्हणून पाहतात याचे आपल्याला दुःख होते. पण त्यांना परके ठरवण्यात आपल्या पटकथांचाही हात आहे.

आता हिंदीचा प्रश्न. 'बाजीराव मस्तानी', 'पानिपत', 'तान्हाजी', 'छावा' हे सारे मराठ्यांच्या इतिहासावरचे मोठ्या भांडवलाचे चित्रपट हिंदी आहेत. यांतला 'तान्हाजी' मराठी आवृत्तीतही आला होता, म्हणजे ते अशक्य नव्हते. हिंदीत चित्रपट काढू नये असे माझे म्हणणे नाही. ग्वाल्हेर-इंदूरच्या आमच्या बांधवांच्या हिंदीभाषक शेजाऱ्यांना संभाजीराजे कोण हे कळले, यात आनंदच आहे. मध्य प्रदेश आणि गोवा यांसारख्या राज्यांच्या सरकारांनी 'छावा' करमुक्त केला. महाराष्ट्राने तर करमणूक कर २०१७ मध्येच रद्द केला होता, त्यामुळे तिथे माफ करायला फारसे उरलेच नव्हते. वस्तू व सेवा कराच्या काळात 'करमुक्त' म्हणजे राज्याने आपल्या वाट्याचा कर सोडणे, एवढाच अर्थ उरतो. या निमित्ताने गोव्यातल्या किती जणांना हडकोळणची आठवण झाली? फोंडा महालातल्या या गावी संभाजी महाराजांच्या कारकिर्दीतला १६८८ चा शिलालेख मिळाला आहे. अंगभाडे नावाचा कर माफ केल्याची नोंद त्यात आहे, आणि ती मराठीत आहे. करमाफी मिळालेल्या त्या चित्रपटाच्या नायकाने स्वतः केलेली ही करमाफी! त्याच्या राज्याची भाषा कोणती होती, हे ठरवायला याहून चांगला पुरावा मी न्यायालयात मागणार नाही.

हिंदीत जाताना काय गळून पडते, ते भाषेच्या अभ्यासकाने पाहावे. 'छावा' हा शब्दच बघा. सिंहाचा बच्चा, हा अर्थ हिंदी प्रेक्षकाला संवादातून समजावून द्यावा लागतो. शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीने हा शब्द मराठी घराघरांत नेला, तेव्हा तो समजावावा लागला नव्हता. 'आबासाहेब', 'मासाहेब', 'दादा महाराज' या हाकांमधले नात्यांचे अंतर आणि जवळीक हिंदीत नुसती आदरार्थी होऊन जाते. संभाजीराजे स्वतः संस्कृतात 'बुधभूषण' रचणारे. अशा माणसाच्या मराठीला दोन तरी पदर असणार: एक पंडिताचा, दुसरा सैनिकाचा. वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकात हे दोन्ही पदर जाणवतात, आणि काशिनाथ घाणेकरांच्या आवाजात ते पिढीने ऐकले. 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका कधी कधी रेंगाळली, पण तिने हा वारसा सांभाळण्याचा प्रयत्न केला आणि अमोल कोल्हे यांच्या तोंडची मराठी सीमाभागात घरोघरी ऐकली गेली. हिंदी चित्रपटाकडे गर्जना आहे. तिथे तीनही घटका एकाच पट्टीत बोलणे चालते.

'छावा'च्या बरोबर एक वर्ष आधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, 'शिवरायांचा छावा' हा मराठी चित्रपट याच राजावर येऊन गेला. आमच्या वकिलांच्या खोलीत त्यावर कोणी एक वाक्य बोलल्याचे मला आठवत नाही. माझेही नाही. हा दोष निर्मात्यांचा नाही.

मालिकांचे एक मात्र मान्य केले पाहिजे. गेल्या दहा वर्षांत त्यांनी बोलींना दिवाणखान्यात आणून बसवले. 'तुझ्यात जीव रंगला'ने कोल्हापुरी, 'लागिरं झालं जी'ने सातारी, 'रात्रीस खेळ चाले'ने मालवणी, 'माझ्या नवऱ्याची बायको'मधल्या राधिकेने नागपुरी बोली घरोघर नेली. त्यांत अतिशयोक्ती आहे, प्रत्येक वाक्याला बोलीचा झणका देण्याचा अट्टहास आहे, तरीही पूर्वी बोली फक्त नोकराच्या आणि विनोदी पात्राच्या वाट्याला यायची, ते दिवस मागे पडले. बेळगावी मराठी मात्र अजून रांगेतच उभी आहे. आमची 'जालास', 'करालास' अशी क्रियापदे, वाक्याच्या शेवटी येणारा कन्नड हेल, शेजारच्या चंदगडाशी असलेले तिचे नाते, हे एखाद्या मुख्य पात्राच्या तोंडी माझ्या तरी पाहण्यात नाही. पु. ल. देशपांड्यांनी 'गणगोत'मधल्या रावसाहेबांच्या रूपाने बेळगावी बोली सगळ्या महाराष्ट्राला ऐकवली. पुष्कळांना बेळगावी मराठी माहीत आहे ती तेवढीच. त्या लेखात रावसाहेबांच्या बोलण्याला हसू येते, पण माणूस लहान होत नाही. एवढे साधले की बस. निर्मात्यांनी भीत भीत 'सीमावासीय' म्हणून एखादा हुतात्मा दाखवण्यापेक्षा बेळगावच्या भाजीबाजारातली एखादी बाई तिच्या भाषेत दहा मिनिटे बोलू द्यावी.

आता आमच्या पेशाशी संबंधित गोष्ट. २०२२ च्या दिवाळीत 'हर हर महादेव' आला. इतिहासाची मोडतोड केल्याचा आरोप झाला आणि काही ठिकाणी त्याचे खेळ बंद पाडले गेले. चित्रपट मलाही पटला नव्हता. बाजीप्रभूंसंबंधीचे काही प्रसंग कोणत्याही साधनात सापडणार नाहीत. पण खेळ बंद पाडल्याच्या बातम्यांवर आमच्याच काही मंडळींनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मी अस्वस्थ झालो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या प्रकरणात एका तमिळ चित्रपटाचे प्रमाणपत्र पुन्हा कायम केले. चित्रपटाला प्रमाणपत्र मिळाल्यावर निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे सरकारने हात टेकू नयेत. विरोधी जमावाला आवरता येत नाही ही सबब चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. 'आरक्षण' चित्रपटाच्या वेळी २०११ मध्ये आणि 'पद्मावत'च्या वेळी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने राज्यांच्या बंद्या मोडून काढल्या त्या याच तत्त्वावर.

उद्या आमच्या भागात एखाद्या मराठी चित्रपटाचा फलक उतरवला गेला, खेळ रद्द करा म्हणून चित्रपटगृहाच्या मालकावर दडपण आले, तर मी उच्च न्यायालयात हाच निकाल घेऊन उभा राहणार. त्या वेळी समोरचा वकील विचारेल की, तुमच्या लोकांनी ठाण्या-पुण्यात काय केले? याचे उत्तर माझ्या टिपणात आज तरी नाही. वाईट ऐतिहासिक पटाला उत्तर लेखाने, पुराव्याने, दुसऱ्या चांगल्या पटाने द्यायचे असते. संख्येने थोडे असलेल्यांना तर दुसरा मार्गच नसतो. दांडगाईचा नियम एकदा मान्य केला की मोजदाद सुरू होते, आणि मोजदादीत आपण कुठे आहोत हे सीमाभागात कोणाला सांगायला नको.

सभासदाची बखर १६९७ च्या सुमारास जिंजीत लिहिली गेली, रायगडापासून शेकडो कोस दूर, तमिळ मुलखात. राजाराम महाराजांनी विचारले आणि कृष्णाजी अनंताने थोरल्या महाराजांचे चरित्र सांगितले. त्याच्यापाशी राजधानी नव्हती. वाक्ये मात्र छोटी आहेत, शब्द फारसी आहेत तसेच संस्कृत आहेत, आणि कुठेही आरडाओरड नाही. परवा त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी तिची प्रत वाचायला दिली. त्यांना मराठी वाचता येते, सावकाश. दोन दिवसांनी भेटले तेव्हा त्यांनी बेलवडीच्या उल्लेखापाशी खूण घातलेली होती. म्हणाले, "हे आमच्या गावापासून जवळ आहे की हो. याच्यावर कोणी सिनेमा काढालेत काय?"